बारा पॉइंट कुणाला? आमच्या ग्रुपमधल्या गाण्यांच्या स्पर्धेचं सगळं प्रकरण

दोघातिघांनी विचारलं की तुमच्याकडं ती इलेक्ट्रॉनिक गाण्यांची स्पर्धा चालते ती नक्की चालवता कशी, आम्ही सुरू केली तर दुसऱ्या राउंडलाच भांडणं झाली. आमच्याकडं पण झाली. म्हणून म्हणलं एकदा सगळं लिहूनच काढावं, काय केलं, कुठं अडलं, काय बदललं आणि काय अजून सुटलेलं नाहीये.

आधी माणसं सांगते. आम्ही ११ जण. एकमेकांना गावाच्या नावानंच हाक मारतो: नगर, सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, नाशिक, ठाणे, डोंबिवली, फोंडा, म्यूनिक, पुण्याची मी, आणि न्यू जर्सीवाले, पण ते पन्नाशी पार केलेले म्हणून त्यांना काका, आणि शेवटचा नंबर आला तरी त्यांना अहो-जाहोच. यातले बरेच जण एकमेकांना प्रत्यक्ष कधी भेटलेलेच नाहीत. मार्कांची शीट माझ्याकडं असते, सगळ्यांचा सातबारा माझ्याकडं, म्हणून मला तलाठी म्हणतात.

सुरुवातीला स्पर्धा वगैरे काही नव्हती, जो तो आवडलेलं गाणं टाकायचा. नगर सायट्रान्स टाकणार, म्हणजे पळत्या ठेक्याचं नाचायचं संगीत, १४५ बीपीएमच्या म्हणजे मिनिटाला १४५ ठोक्यांच्या खाली उतरलं की त्याला झोप येते. म्यूनिक बर्लिनचं ते कोरडं टेक्नो, म्हणजे मशीनवरचा एकसारखा ठेका, काका जिथं टेक्नो जन्मलं त्या डेट्रॉइटचं, डोंबिवली जे काय त्या आठवड्यात ट्रेंडिंग असेल ते. खाली दोन आगीचे इमोजी, एक "भारी", विषय संपला. ऐकत कुणीच नव्हतं आणि हे सगळ्यांना माहीत पण होतं. मग नाशिकनं एकदा मुद्दाम डिलीट झालेल्या व्हिडिओची लिंक टाकली, म्हणजे उघडली की काहीच वाजत नाही अशी, तर तिच्याखाली पण चार जणांनी "कडक" लिहिलं. त्या दिवशी ग्रुपवर जी काय शोभा झाली ती झाली, पण त्यातूनच स्पर्धा निघाली. हेतू एकच, मार्क द्यायचे म्हणजे ऐकावं लागेल. जिंकणं-हरणं हे निमित्त. हे आधीच सांगून ठेवते कारण पुढं आम्ही जे नियम बदलत गेलो ते सगळे याच एका गोष्टीवर घासून बघितले, की यानं माणूस खरंच ऐकतोय का आणि खरं आवडीचं गाणं टाकतोय का. निकाल न्याय्य लागला का हा प्रश्न आमच्याकडं दोन नंबरला.

दहापैकी मार्क

पहिली पद्धत शाळेतली. प्रत्येकानं एक गाणं पाठवायचं, बाकीच्या दहा गाण्यांना दहापैकी मार्क, ज्याची सरासरी जास्त तो विजेता. सोपं वाटतं ना? दोन राउंड बरे गेले. तिसऱ्या राउंडपासून माझ्या लक्षात यायला लागलं की गाणी गुळमुळीत होत चाललीयेत. सगळी साधारण साडेतीन मिनिटांची, मधे एक छान ड्रॉप (म्हणजे ठेका थांबून एकदम कोसळतो ती जागा), बाईच्या आवाजात दोन ओळी, कुणालाच त्रास नाही. नगरनं सायट्रान्स टाकणं बंद केलं. विचारलं तर म्हणाला, "अगं टाकून काय उपयोग, तिघं नाचतात आणि बाकीचे कान धरतात, सरासरीत मेलो."

बरोबर होतं त्याचं. एका राउंडची दोन गाणी सांगते. एकाला दहाच्या दहा जणांनी ७ दिले, बेरीज ७०, सरासरी ७. ते जिंकलं. दुसऱ्याला तिघांनी १०, एकानं ९ आणि उरलेल्या सहांनी ४ दिले, बेरीज ६३, सरासरी ६.३. म्हणजे ज्या गाण्यानं तीन माणसं वेडी केली ते हरलं आणि जे कुणाचंच सगळ्यात आवडतं नव्हतं ते जिंकलं. जिंकलेलं गाणं कुणाचं होतं हे आता विचारलं तर ग्रुपमधे निम्म्यांना आठवणार पण नाही, मला शीट उघडून बघावं लागलं. आणि लोक काय येडे नाहीत, दोन-तीन राउंडमधे त्यांना कळतं की काय टाकलं की चालतं, मग ते तेच टाकतात. आवडीचं गाणं घरी ठेवतात.

मग युरोव्हिजन

म्यूनिकनं युरोव्हिजनची पद्धत सुचवली. युरोपात देशादेशांची गाण्यांची स्पर्धा असते, १९५६ पासून चालू आहे, आणि १९७५ पासून तिथं मार्क ठरलेले आहेत: पहिल्या आवडीला १२, दुसऱ्या आवडीला १०, मग ८, ७ असं करत १ पर्यंत. बरोबर दहा गाण्यांना मार्क मिळतात, स्वतःला द्यायचे नाहीत. आम्ही ११ असल्यामुळं ते इतकं फिट बसलं की जणू आमच्यासाठीच केलंय. यात खरी गंमत वरच्या दोन उड्यांमधे आहे, १२ आणि १० मधे दोनचं अंतर, १० आणि ८ मधे दोनचं, खाली सगळं एकेकानं. म्हणजे कुणाचं तरी एक नंबर असण्याला भाव आहे.

मी जुन्या राउंडची शीट घेऊन तीच मतं या पद्धतीनं परत मोजली. ते सगळ्यांनी ७ दिलेलं गाणं प्रत्येकाच्या यादीत पाचव्या-सहाव्या नंबरला होतं, त्याचे झाले ५५. ते तिघांना वेडं करणारं, त्याला तीन १२, एक १०, आणि खालून तीन-तीन जणांचे ३ आणि २, एकूण ६१. क्रम उलटा झाला. ग्रुपवर टाकल्यावर नगरचा मेसेज आला, "बोललो होतो." आणि पुढच्याच राउंडला त्याचं सायट्रान्स परत.

पण युरोव्हिजन आणलं की युरोव्हिजनची दुखणी पण येतात. तिकडं ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना बारा देतात हा दरवर्षीचा विनोद आहे, हॉलमधली पब्लिक हुर्यो करते. त्यावर उपाय म्हणून २००९ पासून त्यांनी फायनलला निम्मे मार्क जाणकारांच्या ज्युरीला दिले, निम्मे प्रेक्षकांना. आमचे ग्रीस-सायप्रस म्हणजे सांगली-कोल्हापूर. राउंडमागून राउंड एकमेकांना १२. बरं ठरवून करतात असं पण नाही, दोघांची टेस्ट एकच आहे, जड बेस, हळू बीट, वर काहीतरी वाकडं तिकडं. कोल्हापूर म्हणतो, "विषय हार्ड होता म्हणून दिले, त्यात काय." आता यावर काय बोलणार. ११ माणसांत ज्युरी कुठून आणणार, आणि जाणकार कुणाला म्हणायचं, त्यावरच ग्रुप फुटला असता.

दुसरं दुखणं जास्त वाईट. हुशार माणसं धोका असलेल्या गाण्याला मुद्दाम तळाला टाकायला लागली. आपलं गाणं चांगलं आहे, समोरचं पण चांगलं आहे, मग त्याला १ द्या. शीट माझ्याकडं असल्यानं मला ते दिसायचं, बाकीच्यांना नाही, आणि हे असलं माहीत असून गप्प बसायचं म्हणजे पोटात दुखतं. त्यावर काकांचा उपाय साधा होता आणि चालला: प्रत्येकानं ज्या गाण्याला १ दिलाय त्यावर एक ओळ लिहायची, का दिला. उगाच कुणी "आवडलं नाही" लिहिलं तर चालणार नाही, गाण्यातलं कितव्या मिनिटाचं काय खटकलं ते लिही. चांगल्या गाण्याबद्दल खोटी ओळ लिहायला माणसाला लाज वाटते बहुतेक. आणि त्या ओळी एकाखाली एक वाचायला इतक्या मजेशीर व्हायला लागल्या की काही जण निकालाआधी तेच मागतात. ठाणेनं काकांच्या एका ट्रॅकला लिहिलं होतं, "३:१० ला वाटलं आता काहीतरी होणार, ७:४० ला कळलं की नाही होणार." काका दोन दिवस सगळ्यांना तेच सांगत होते.

मतं झाकून ठेवणं

सुरुवातीला शीटमधल्या मार्कांशिवाय आम्ही ग्रुपवर पोल पण टाकायचो, कुणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसायचं. शनिवारी सकाळी पहिली चार मतं ज्या गाण्याला पडतील ते गाणं रविवारी रात्री जिंकलेलं असायचं, जवळजवळ ठरलेलं. इथं म्यूनिकनं एक अभ्यास दाखवला तो मला फार पटला. कोलंबिया विद्यापीठातल्या तिघांनी १४,३४१ लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकायला दिली, निकाल २००६ साली सायन्स मासिकात आला. काही लोकांना बाकीच्यांनी किती डाउनलोड केलं ते आकडे दिसत होते, काहींना नाही. आकडे दिसणाऱ्यांचे आठ वेगवेगळे गट केले होते, एका गटाचं दुसऱ्याला दिसत नाही. तर आकडे दिसले की हिट गाणं जास्त हिट होतं, आणि कुठलं गाणं हिट होणार हे प्रत्येक गटात वेगळं. अगदी चांगली गाणी सहसा आपटली नाहीत, अगदी वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. आमच्याकडची बहुतेक गाणी मधलीच की हो.

म्हणून आता मतं फॉर्मवर माझ्याकडं येतात, कुणालाच काही दिसत नाही, आणि गाणं कुणी पाठवलं ते पण निकालापर्यंत गुप्त. अर्थात गुप्त म्हणजे किती गुप्त, वीस सेकंदात कळतं की हे कोल्हापूरचं. त्याला इलाज नाही. क्रमाचं पण तेच. ब्रसेल्सला क्वीन एलिझाबेथ नावाची मोठी पियानो स्पर्धा असते, तिथं कुणी कधी वाजवायचं ते चिठ्ठ्या काढून ठरतं, तरी आधी वाजवणाऱ्यांपेक्षा नंतर वाजवणाऱ्यांचे नंबर वर येतात हे अर्थशास्त्रज्ञांनी मोजून दाखवलंय. आमच्याकडं पण प्लेलिस्टमधलं पहिलं गाणं कायम मार खायचं, म्हणून मी प्रत्येकाला यादी वेगळ्या क्रमानं पाठवायला लागले. शीटमधे एक फॉर्म्युला टाकला की होतं, पाच मिनिटांचं काम. डेडलाइनचा घोळ पण तेव्हाच मिटवला, "रविवारी रात्री १०" म्हणजे भारतातले १०, न्यू जर्सीला तेव्हा दुपार असते, काकांनी जेवण आटपून बसावं.

कशावर ऐकलं

हा मुद्दा आम्हाला फार उशिरा सुचला आणि माझ्या मते सगळ्यात मोठा हाच. म्यूनिकनं एकदा डब टेक्नो टाकलं, बर्लिनच्या बेसिक चॅनलनं नव्वदीच्या सुरुवातीला जो प्रकार रुजवला त्या वळणाचं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: दहा-दहा मिनिटं एकच कॉर्ड, धुक्यातून आल्यासारखा, आणि खाली एक किक, म्हणजे ठेक्याचा जड ठोका, जी कानापेक्षा छातीत लागते. निकाल आला तर तळाला. ओळी वाचल्या तर सहा जणांनी एकच लिहिलेलं, "यात बीटच नाहीये."

बीट होता ना. ती किक साधारण ५० हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे फारच खालच्या सुरात, आणि मोबाईलचा स्पीकर दोनशेच्या खालचं नीट वाजवूच शकत नाही, नखाएवढा पडदा असतो त्याचा, हवा ढकलणार किती. सहाच्या सहा जणांनी फोनवर ऐकलेलं. म्हणजे त्यांनी ते गाणं ऐकलंच नव्हतं, त्याचं वरचं फेस-फेस ऐकलेलं. आणि मग मागं जाऊन बघितलं तर बेसवाली गाणी आमच्याकडं कायम खालीच होती, फक्त सांगली-कोल्हापूर एकमेकांना १२ देत होते, कारण दोघांकडं चांगले हेडफोन आहेत! त्या दोघांवर सगळ्यांनी इतके दिवस युतीचा आरोप केलेला, त्यातला बराचसा भाग असा निघाला.

आता फॉर्ममधे एक रकाना आहे, "कशावर ऐकलं". सक्ती नाही, पण लिहायचं. "स्वयंपाकघरातला ब्लूटूथ", "ऑफिसचे इअरफोन, डावा बंद", "एसटीत, लोणंदपर्यंत". निकाल देताना मी तो रकाना पण देते. दोन-तीन राउंडनंतर लोक स्वतःहून सांगायला लागले की थांब, हे फोनवर ऐकलंय, रात्री हेडफोनवर परत ऐकून मार्क देतो. त्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

मधे एकदा सगळ्यांनी एकत्र व्हॉइस कॉलवर ऐकायचा प्रयोग केला, तो पार झोपला. डोंबिवलीनं लॅपटॉपच्या स्पीकरवर गाणं लावून माइक समोर धरला. कॉलमधलं नॉइज सप्रेशन हे माणसाचा आवाज ठेवून बाकीचं खायला बनवलेलं असतं, त्याला हाय-हॅट, म्हणजे झांजेची छिस्-छिस्, पंखा वाटला आणि पॅड, म्हणजे मागं लांब धरलेला सूर, रस्त्यावरची ट्रॅफिक. उरलं काय तर मधूनच एक "धप", शांतता, "धप". इचलकरंजी म्हणाला, "मस्त आहे की, मिनिमल." त्यानंतर सगळ्यांनी आपापल्या मशीनवर एकाच वेळी प्ले दाबायचं आणि चॅटवर बोलायचं असं ठरलं, ते चालतं.

बेंजो पार्टी

आता मुख्य राडा. एका राउंडला इचलकरंजीनं बेंजो पार्टीचं रेकॉर्डिंग पाठवलं. मिरवणुकीतलं, फोनवर घेतलेलं. अर्ध्या ग्रुपनं म्हणलं बाद करा, हे इलेक्ट्रॉनिक नाही. इचलकरंजी पेटला. त्याचं म्हणणं नीट ऐकण्यासारखं होतं. बेंजो म्हणजे आपलं बुलबुल तरंग, बटणं दाबून तारा वाजवायच्या, मूळ जपानचं, १९१२ ला नागोयात निघालेलं ताइशोगोतो. पण मिरवणुकीतल्या बेंजोला पिकअप बसवलेला असतो, तो अँपमधून, इको लावून बाहेर येतो, त्याचा खरा आवाज तुम्ही कधी ऐकलाय का? शेजारी कीबोर्ड. आणि ऑक्टापॅड, काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम, रोलँड या जपानी कंपनीनं १९८५ ला काढलेला, त्या पहिल्या मॉडेलला तर स्वतःचा आवाज पण नव्हता, मिडीच्या वायरनं दुसऱ्या मशीनला जोडायचा. "डेट्रॉइटच्या पोरांनी रोलँडची सेकंडहँड मशीनं घेऊन वाजवली की टेक्नो, आणि आमच्या पोरांनी रोलँड टेम्पोवर चढवला की वरात?" हे त्याचं वाक्य. यावर बराच वेळ कुणी काही टाइप करेना.

काका त्याच्या बाजूनं उतरले. म्हणाले पॅरिसला १९४८ मधे पिअर शेफरनं रेल्वेचे आवाज रेकॉर्ड करून, त्यांचे तुकडे जोडून संगीत केलं, त्याला आपण इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासात पहिल्या पानावर ठेवतो, त्यात सिंथ, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं वाद्य, कुठं होता? नगर विरोधात, म्हणाला मग उद्या ऑर्केस्ट्रा पण टाकाल. शेवटी सांगलीनं कसोटी काढली: लाइट गेली तर काय उरतं? लाइट गेल्यावर गाणं पूर्ण बंद पडत असेल तर इलेक्ट्रॉनिक, नुसताच आवाज कमी होऊन चालू राहत असेल तर नाही. नाव पडलं लोडशेडिंग टेस्ट. पण बेंजो पार्टीला ती लावली तर पंचाईत, जनरेटर बंद पडला की बेंजो-ऑक्टापॅड-कीबोर्ड गप्प, आणि ढोल-ताशा जोरात चालूच, उलट पब्लिक जास्त नाचते. अर्धं पास, अर्धं नापास. मतदान झालं, सहा विरुद्ध चार, इचलकरंजीला मत नाही, गाणं आत. त्याला त्या राउंडला फार मार्क पडले नाहीत पण तो प्रश्नच नव्हता.

त्या भांडणातून पुढच्या राउंडचा विषय निघाला, "इथलंच". आतापर्यंतचा सगळ्यात श्रीमंत राउंड. नाशिकनं चरणजीत सिंग टाकले. मुंबईचे, सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे वादक, १९८२ ला एचएमव्हीवर त्यांची एक रेकॉर्ड आली, रोलँडच्या टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या तीन मशीनांवर राग, खाली डिस्कोचा ठेका. तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० ला ती परत निघाली तेव्हा जगभरचे लोक उडाले, कारण तो चिरका, ओला ३०३ चा आवाज शिकागोच्या ॲसिड हाउसचा, म्हणजे तिथल्या क्लबमधल्या नाचायच्या संगीताचा, म्हणून ओळखतात आणि ते तर १९८७ चं. काहींना वाटलं कुणीतरी नवीन बनवून जुनं म्हणून खपवतंय. आमच्यात डोंबिवलीला पण तेच वाटलं, त्यानं फॉर्ममधे "एआय आहे का?" असं लिहिलं होतं. म्यूनिकनं अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या संस्थेतलं टाकलं, तिथं १९६९ ला डेव्हिड ट्यूडर नावाच्या अमेरिकन संगीतकारानं मूग सिंथेसायझर बसवून दिला होता आणि पुढं दोन-तीन वर्षं तिथल्या लोकांनी त्यावर प्रयोग केले, त्या टेप कपाटात पडून होत्या, २०२३ ला बाहेर आल्या. फोंडाकडून सगळ्यांना गोवा ट्रान्सची अपेक्षा, म्हणजे गोव्याच्या बीचवरच्या पार्ट्यांतलं, ज्यातून पुढं सायट्रान्स निघालं ते. त्यानं साफ नकार दिला. "नाव आमचं, बीच आमचा, बनवणारे बहुतेक इस्रायल-इंग्लंडचे, आम्हाला फक्त झोपमोड," असं म्हणाला आणि नगर एवढा दुखावला की त्यानं त्याच राउंडला मुद्दाम गोवा ट्रान्स टाकलं. नाशिक सरळ जिंकला, दुसरा कोण याची उत्सुकता पण नव्हती.

चिठ्ठी

एक प्रकार असा निघाला ज्यात स्पर्धा जवळजवळ नाहीशीच झाली. चिठ्ठ्या काढायच्या, ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी एक गाणं शोधायचं, मार्क फक्त तोच देणार. म्हणजे युती नाही, तळाला ढकलणं नाही, सरासरी नाही. एकाच माणसाचे कान.

नगरला ठाणे आली. ठाण्याला घरात तान्हं बाळ, ती ऐकते ते रात्री, आवाज अगदी बारीक करून. नगरनं आयुष्यात कधी हळू गाणं स्वतःहून लावलेलं नाही. तो चार दिवस मला मेसेज करत होता: ती कशावर ऐकते गं? बाळ किती वाजता झोपतं? अचानक आवाज वाढला तर चालेल का? हा तोच माणूस जो आधी "ऐक आणि उड" एवढंच लिहून लिंक टाकायचा. शोधत शोधत तो हिरोशी योशिमुराकडं पोचला, जपानी, १९८२ ला त्यांनी टोकियोच्या एका म्युझियमला डोक्यात ठेवून कीबोर्डवर नऊ छोट्या धून केल्या होत्या, एकेक सूर लांब लांब ठेवलेला. ठाणेनं दहापैकी दहा दिले आणि खाली लिहिलं की हे लावलं की बाळ झोपतं आणि मी जागी राहते, उलटं व्हायला पाहिजे. नगर आता गपचूप ॲम्बियंट, म्हणजे असलंच संथ संगीत, ऐकतो. मान्य करत नाही, पण चिठ्ठीनंतर त्यानं पाठवलेली गाणी माझ्या शीटमधे आहेत, त्यांचा बीपीएम मी बघू शकते.

सगळ्यांचं असं जमलं नाही हां. कोल्हापूरला काका आले, त्यानं त्यांना त्यांच्याच डेट्रॉइटचं टाकलं, काका म्हणाले हे माझ्याकडं रेकॉर्डवर आहे. ३ मार्क. सेफ खेळलं की या प्रकारात फार मार बसतो.

एक आवाज, एक तास

शेवटचा प्रकार गाणं बनवायचा. ही जुनी परंपरा, कमोडोर अमिगा या जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या काळात पोरं फ्लॉपीवर ट्रॅकर सॉफ्टवेअरमधे चार चॅनलवर गाणी बांधायची आणि एकत्र जमून स्पर्धा लावायची, फिनलंडचं असेंब्ली नावाचं असलंच संमेलन १९९२ पासून भरतंय, आणि त्या सगळ्या संस्कृतीला फिनलंडनं २०२० ला आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आमचं एवढं काही नाही. अकरापैकी तिघांनाच सॉफ्टवेअर येत होतं, बाकीच्यांनी फोनवरचं फुकटातलं ॲप घेतलं. नियम: एकच सॅम्पल (म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाजाचा तुकडा), एक तास, बाहेरचा दुसरा कुठलाही आवाज नाही.

सॅम्पल सांगलीनं दिलं. त्याचे वडील एसटीत कंडक्टर होते, त्यांचा तिकिटाचा जुना पंच घरात आहे, तो त्यानं उशीवर ठेवून रेकॉर्ड केला. टिक-टिक, टिक. मशीनची तिकिटं यायच्या आधी कंडक्टर गर्दीतून वाट काढताना दांडीवर वाजवायचे तो आवाज. त्याला खाली पिच केला की लाकडी किक होते, वर नेला की हाय-हॅट, लांबवून रिव्हर्ब म्हणजे घुमारा टाकला की चक्क पॅड. सगळ्यात चांगलं नाशिकनं केलं, पण मार्क सगळ्यात जास्त काकांना, कारण त्यांनी काहीच केलं नव्हतं, नुसता तो आवाज हळूहळू फास्ट करत नेला आणि मधे एकदम थांबवला, आणि आम्हा सगळ्यांना आपोआप घंटीच्या दोरीचे दोन टोले ऐकू आले जे त्यात नव्हतेच. काका १९९४ ला गेलेत इथनं.

आता सध्या अडलंय ते इथं. मागच्या बनवायच्या राउंडला डोंबिवलीनं एआयकडून केलेला ट्रॅक दिला, सॅम्पल आत टाकून. त्याचं म्हणणं नियमात कुठं लिहिलंय की नाही चालणार, आणि खरंच लिहिलेलं नव्हतं. नगर म्हणतो बाद. इचलकरंजी म्हणतो बेंजोच्या वेळी तुम्ही मला मशीनवरून शहाणपणा शिकवत होता, आता मशीनच नको का. लोडशेडिंग टेस्ट लावली तर एआय शंभर टक्के पास होतं, म्हणून सांगली कसोटी मागे घ्यायला निघालाय आणि त्याला कुणी घेऊ देत नाहीये. मी तूर्त तो ट्रॅक शीटमधे वेगळ्या रंगात ठेवलाय, मार्क मोजलेत पण बेरजेत धरलेले नाहीत. रविवारी रात्री १० ला मतदान आहे, भारतातले १०.